पायरीवरचं पान

"पाणी मिळेल का?" येसनाकने ओसरीखाली उभं राहून विचारलं. महारवाड्यातून मिशनच्या शाळेत शिकून तो आमच्या छापखान्यात खिळे जुळवू लागला होता. माझ्या भाषणाचं पहिलं छापील पान घेऊन उन्हातून चालत आला होता.

दर शनिवारी आमच्या सुधारकांच्या गुप्त सभेत मी त्याच्याच पेल्यातलं पाणी पितो. मोठ्या ऐटीत पितो! पण आज ओसरीवर माझ्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे बसले होते. पेला हातात धरून मी खांबासारखा उभा राहिलो.

येसनाकने पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान पायरीवर ठेवून तो खाली बसला आणि आपणच ओंजळ पुढे केली.

"वरून ओता, तात्यासाहेब," तो हळूच म्हणाला.

मी ओतलं. तेही शिंतोडा माझ्या अंगावर येऊ नये असं ओतलं.

ओंजळ झटकून तो गेला. मी पान उचलायला वाकलो, तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "अहो, आधी त्यावर पाणी शिंपडा."

मी शिंपडलं. माझ्या भाषणाची पहिलीच ओळ भिजली: माणसाला माणसाचा विटाळ नसतो.