आरशाची खोली

आई गेली तरी पोरीच्या डोळ्यातून टिपूस गळलं नाही, हे आजीला काही केल्या गिळवत नव्हतं.

"गेली ती माझी लेक, रडले ती मी," ती शेजारणीला ऐकवायची. "आणि तिच्या पोटची ही मास्तरीण बघा. आठवडाही झाला नाही तर केस विंचरून निघाली कॉलेजात. शिकते काय म्हणे? माणसं रडतात कशी. घरातलं रडणं दिसेना, चालली जगाचं बघायला."

नात मानसशास्त्रात पुढचं शिक्षण घेत होती. आजीची शाळा दुसरीतच सुटली होती. पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही, हे तिचं ठाम मत. त्यामुळे नातीचे गुन्हे तिला तोंडपाठ होते. उभ्याउभ्या जेवते. पहिल्या हाकेला ओ देत नाही. जाईल तिथं दार उघडं टाकते. वारा आत, मांजर आत, आणि फळी आपटली की म्हातारीच्या काळजात धस्स. "शेपूट राहतं का गं तुझं मागं?" असं विचारत आजी दार लावायला उठायची. गाल फुगवून बसायची, ताटाशी टोमणे मारायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पोरगी "असू दे गं, आजी" म्हणायची आणि पुस्तकात डोकं घालायची.

एका सकाळी तीच म्हणाली, "आमच्या अभ्यासाला वयस्कर माणसं लागतात. आज एक बाई येत नाहीयेत. तू येशील?"

"येऊन करू काय?"

"बसायचं. आतून बोलावलं की जायचं. काही प्रश्न विचारतील."

"बसायला काही डिगरी लागत नाही. चल, बघते तरी काय दिवे लावतेस ते."

खोलीत चार खुर्च्या, पाण्याचा जग आणि भिंतभर आरसा होता. नात तिला बसवून निघून गेली. आरशात बघून आजीने शाल नीट केली, तेव्हा तिला दिसलं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक तरुण बाई तोंड झाकून रडते आहे.

आजी आधी खाकरली. मग खुर्ची सरकवली. मग उठून सरळ तिच्या शेजारीच जाऊन बसली.

"कोण गेलं?"

"आई," बाई म्हणाली.

"आजारी होती?"

"दवाखान्यात होती. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ होते. म्हणाली, तू घरी जा, डोळे बघ कसे झालेत तुझे. निघाले, तर म्हणाली, जाताना दार ओढून घे, उजेड डोळ्यांवर येतो." तिने नाक पुसलं. "मी ओढून घेतलं. सकाळी उघडलं तर... रात्री तिने हाक मारली असेल, हो. बंद दारातून ती कुणाला ऐकू जाणार? मीच लावलं ना ते."

आजीने तिचा हात आपल्या हातात घेतला. गार होता.

"वेडी आहेस. दार लावल्यानं कुणी मरत नाही. तिला उजेड नको होता, तू तिचं ऐकलंस. माझीही लेक दवाखान्यातच गेली. मी इकडे घरी, गुडघे धरून बसलेली. मला तर दार लावायलाही मिळालं नाही."

आतून आवाज आला, "पुढच्या बाईंनी आत यावं."

"येते," आजी ओरडली. "इथं माणूस रडतंय, दिसत नाही?"

बाई म्हणाली, "तुम्ही जा, आजी. तुमचा नंबर जाईल."

"जाऊ दे गेला तर. माझ्या नातीनं विचारलं तर सांगते मी तिला. दगड आहे नुसती. आई गेली, पण हिला पाझर नाही. आणि तू? आईसाठी जीव तीळतीळ तुटतोय तुझा." आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लेक असावी तर अशी."

पुन्हा बोलावणं आलं. आजी हलली नाही. तिसऱ्यांदा आलं नाही. आरशाशेजारचं दार उघडून नात बाहेर आली.

"झालं, आजी. हाच प्रयोग होता. बोलावणं आलं की माणूस रडणाऱ्याला सोडून उठतं की बसून राहतं, ते आम्ही या आरशामागून बघतो. ह्या बाई नाटकांत काम करतात."

आजीने बाईचा हात सोडला. बाई डोळे पुसून पाणी पीत होती.

"म्हणजे मघापासून तू तिथं होतीस?"

"हो."

"मी बोलले ते ऐकलंस सगळं?"

"ऐकलं," नात म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"बरं झालं," आजी फणकारली, आणि बाईकडे वळली. "आणि तू गं? आई?"

"आहे की," बाई ओशाळून हसली. "येताना दूध आण म्हणालीय. रागावू नका, आजी. माझं काम आहे ते."

"मग ते दाराचं? ते कुठून आणलंस?"

"ते तुमच्या नातीनं, ह्या ताईंनी सांगितलंय तसं. बाकी काही विसरलीस तरी चालेल, म्हणाल्या, पण दाराचं बोलणं एका शब्दानेही बदलायचं नाही."

नात पाठमोरी होऊन खुर्च्या सरळ करत होती. त्या सरळच होत्या. तिच्या मागे ती आली ते दार सताड उघडं होतं.

सवयीने आजी दार लावायला उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. दार तसंच ठेवून ती नातीपाशी आली.

"मघाशी मी म्हणाले ना, लेक असावी तर अशी," ती म्हणाली. "ते तुला म्हणाले."