अर्ध्या जिवाचा राक्षस

सासरे आठवडाभर सुनेशी धड बोलत नव्हते. तिच्या कंपनीच्या गेममधल्या राक्षसाचा जीव पडद्यावर शून्य दिसला, की ते तलवार म्यान करायचे. आणि मेलेला राक्षस उठून त्यांना गिळायचा.

"मेल्यावरही चावतो. हा राक्षस आहे की माझा साडू?" शेवटी ते कडाडलेच.

"बाबा, त्याच्यात अर्धा जीव उरलेला असतो. पण आकडा दाखवणाऱ्या चौकटीला अपूर्णांक कळत नाहीत. ती अर्ध्याचं शून्य करते."

चौकट बदलणं तिच्या हातात नव्हतं. म्हणून तिने गेममधल्या सगळ्याच आकड्यांना शंभराने गुणलं. राक्षसाचा जीव, तलवारीचा घाव, सगळं. अर्ध्याचे पन्नास झाले आणि चौकटीत निमूट दिसू लागले.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी ते पन्नास पाहिले, आणखी एक घाव घातला आणि राक्षसाला कायमचं आडवं केलं. जेवताना ते आपणहून सुनेशी बोलले.

"काल माझा घाव दहाचा बसत होता, आज हजाराचा बसला. तुमचं कॉम्प्युटरचं ठीक आहे गं, पण शेवटी हाताला सराव लागतो."

"लागतोच, बाबा," सून म्हणाली, आणि हसू फुटलेल्या नवऱ्याला तिने टेबलाखालून लाथ हाणली.