काष्टीचं राज्य

“आजची आकडेवारी काढ,” उत्तमराव दारातूनच म्हणाले. “आणि फ्लॉपीवर उतरवून दे.”

सैफनं मान वर न करता कोपऱ्यातला संगणक सुरू केला. नगरात इंटरनेटची दुकानं नुकतीच निघाली होती. त्यातलं हे, कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीतलं, सैफचं. इथं पाऊल टाकलं की उत्तमरावांच्या कपाळाची शीर उडायची. गेल्या दिवाळीआधी याच दुकानात त्यांनी आपल्या मुलाला, तुषारला, सगळ्यांसमोर मुस्काटात मारली होती. इंजिनिअरिंगचा पेपर बुडवून पोरगा इंटरनेटवरच्या खेळात राज्यं लढवत बसला होता.

“पुन्हा घरात पाय ठेवू नकोस!” उत्तमराव गरजले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाचा शब्द. त्यात हातचा ठेवायची सवय नव्हती.

तुषार उठला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. पोलिसांत वर्दी दिली, पुण्या-नाशिकला नातेवाईक धाडले. कुठंच पत्ता लागला नाही.

फेब्रुवारीत उत्तमराव सैफला फैलावर घ्यायला आले. “तुझ्या दुकानानं माझं पोर खाल्लं!” ते टेबलावर मूठ आपटून ओरडले.

सैफनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “सर, तुषारचं राज्य चालू हाय.”

पडद्यावर शेकडो राज्यांची नावं होती. त्यात एक काष्टी. आजोळचं नाव तुषारनं राज्याला दिलं होतं. त्याची शेवटची चाल कालचीच होती.

“म्हणजे तोच खेळतोय?”

“पासवर्ड त्याचाच हाय, सर.”

उत्तमराव मटकन खुर्चीत बसले. पोरगा जिवंत होता. धडधाकट होता. आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या अंगाचा भडका उडाला. आईला चार ओळी खरडायला याला फुरसत नाही, आणि राज्य चालवायला आहे!

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःचं राज्य उघडलं. नाव दिलं घोडेगाव, आपल्या गावाचं.

खेळ त्यांना पोरकट वाटला, पण आकडेवारीच्या पानानं पकडलं. कुणाचं धान्य किती, सैन्य किती, शेवटची चाल कधी, सगळं तिथं मांडलेलं. फाईल उतरवून घ्यायचीही सोय होती. उत्तमराव ती फ्लॉपी शाळेतल्या संगणकावर न्यायचे आणि आलेख काढायचे. परदेशी घड्याळातली वेळ इकडच्या वेळेत फिरवली, तेव्हा त्यांना पोराचा दिवसच दिसला.

“नोकरीला लागलाय तो,” त्यांनी घरी भागिरथीबाईंना सांगितलं. “दुपारी जेवणाच्या सुट्टीत खेळतो. रविवारी एक चाल नाही. चांगल्या कंपनीत असणार.”

भागिरथीबाई सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. नुकत्याच परतल्या होत्या आणि मोरीत डबा घासत होत्या. “असंल,” त्या म्हणाल्या.

“असंल काय? जे सांगायचं ते, त्या खेळातलंसुद्धा, तुलाच सांगायचा ना तो? मग तुलाही एक ओळ लिहू नये? तुला राग कसा येत नाही गं?”

“येतो की.” त्यांनी डबा पालथा घातला. “लई येतो.”

उत्तमराव रोज संध्याकाळी काष्टीवर चालून जात. कोठारं जाळत, तटबंदी पाडत. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तट पुन्हा उभा. ते चिडून निरोप पाठवत. भेकडा, बापाशी बोल. आईच्या तोंडाकडे तरी बघ. एकाही निरोपाला उत्तर आलं नाही. फक्त जळालेल्या कोठारात पुन्हा धान्य भरलेलं असायचं.

त्या मुक्या, हट्टी डागडुजीनं उत्तमरावांचं डोकं फिरायचं. अगदी आपल्यावर गेलाय, असं वाटून ते आणखीच संतापायचे. रविवारी मात्र त्यांना चैन पडत नसे.

मेअखेर त्यांनी ठरवलं, आता बास. तिथलं घर जळालं तर इथल्या घराची आठवण होईल. पंधरवडाभराच्या फायली पुढ्यात घेऊन त्यांनी काष्टीचं सैन्य कधी दमलेलं असतं ते हेरलं आणि एका संध्याकाळी सगळी फौज एकदम सोडली. एकामागून एक गावं पडली. शेवटचं एक उरलं.

“सर,” सैफ मागे येऊन उभा राहिला होता. “तेवढं एक गाव राहू द्या.”

“का?”

“ते गेलं तर राज्यच पुसलं जातं. परत उभं करता येत न्हाई.”

“तेच पाहिजे मला.”

“सर, मी हात जोडतो.”

“माझ्या पोराची वकिली तू करू नकोस!” उत्तमराव फिस्कारले आणि त्यांनी बटण दाबलं.

पान नव्याने उघडलं. राज्यांच्या यादीत, जिथं इतके दिवस त्यांची नजर आधी जायची, तिथं आता काहीच नव्हतं. सैफ पाठ फिरवून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

घरापर्यंत उत्तमराव जवळजवळ धावतच गेले. भागिरथीबाई परातीत पीठ मळत होत्या.

“संपवलं त्याचं राज्य!” दारातच ते म्हणाले. छाती धपापत होती. “बुडापासून! आता बघ. रागानं का होईना, शिव्या द्यायला का होईना, उद्या दुपारी फोन करतो की नाही ते बघ.”

भागिरथीबाईंचे हात थांबले. त्या उठल्या. त्यांचा असा चेहरा उत्तमरावांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

“कोण करणार फोन?” त्या किंचाळल्या. “अहो, इतके दिवस तुमच्याशी मी लढत हुते!”