कापराची डबी

"डबी वाजवायची नाई. निस्तं हुंगायचं," चंदानं बजावलं आणि आईच्या डोळ्यांवरच्या रुमालाची गाठ आवळली.

भुलाबाईचे दिवस होते. गाणी म्हणून झाली की झाकल्या डब्यात कोणती खिरापत आहे ते मुलींनी ओळखायचं. तोच खेळ पोरीनं आईच्या, म्हणजे सपनाच्या, औषधाला लावला होता. औषध तरी काय, आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी चार डब्या करायला सांगितल्या होत्या. लवंग, हिंग, लिंबाची साल, कापूर. रोज हुंगा, ओळखा, नाकाला पुन्हा शाळेत घाला. काम बसून करा आणि थकायच्या आधीच थांबा. कोरोना बोथ गावातून कधीचाच निघून गेला होता. सपनाच्या अंगातून जाताना मात्र दम घेऊन गेला आणि नाकही.

"ओळख."

सपनानं भिंतीला पाठ टेकून सावकाश श्वास ओढला. काहीतरी गार लागल्यासारखं वाटलं. वाटलं, की वाटावं असं वाटलं, कोण जाणे.

"कापूर?"

"बरोबर!" चंदानं टाळी पिटली. "आजी, आज बी बरोबर! काल लवंग, आज कापूर!"

दारात गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या तुळजाबाईंचा हात थांबला. सुनेला वास येत नाही म्हणजे काय, हे त्यांना आधी कळलंच नव्हतं. मग एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅस घरभर झाला आणि सपना तिथंच ओट्याशी कणीक मळत बसलेली. चंदा आत झोपली होती. वासानं शेजारची नीलिमा धावत आली म्हणून बरं. त्या दिवसापासून तुळजाबाई सपनाला शेगडीला हात लावू देत नव्हत्या, आणि तिला नि पोरीला घरात सोडून उंबऱ्याबाहेरही जात नव्हत्या.

"खरंच येऊन राह्यला का वं वास?"

"येते, आजी," उत्तर चंदानंच दिलं.

"माय वं! आयकलं म्हणा देवानं." तुळजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मंग उद्याची खिरापत तूच कर, सपना. मी सकाळच्या बसनं नेरडीगोंड्याले जाऊन येतो. बहीण अंथरुणाले लागली, कवाची बलावून राह्यली. तुमाले टाकून जाता येत नव्हतं."

त्या आत गेल्या. भांडी वाजली. शिरा करू, सपनानं मनाशी ठरवलं. रवा खमंग भाजला की नाकच सांगतं, आता पुरे. तिनं रुमाल कपाळावर सरकवला आणि हात पुढं केला.

"दे इकडं ते डबी. अजून एकदा घेतो."

चंदानं मूठ पाठीमागं नेली. "नको. खेळ संपला."

"दे वं."

झाकण निघालं. डबी रिकामी होती.

मिऱ्याचे दाणे घातल्याशिवाय कापूर डबीत राहत नाही, उडून जातो. हे काय सपनाला माहीत नव्हतं? पण भरताना विसरली होती. हल्ली ती पुष्कळ विसरायची.

"काल लवंगच होती ना?" तिनं हळूच विचारलं.

चंदानं मान हलवली. "हिंग."

"मंग काऊन खोटं बोलली?"

पोरगी फरशीवर नखानं रेघ ओढत राहिली. "तू चुकली का भिंतीकडं तोंड करून निजतं," ती म्हणाली. "मंग माह्याशी बोलतच नाई."

"सपना, ये वं!" आतून हाक आली. "चहा ठेव तुया हातानं. मी पाहातो इथं उभी राहून."

चौकटीला धरून सपना स्वयंपाकघरापर्यंत गेली. तुळजाबाई लायटर पुढं करून उभ्या होत्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसत होता. मागं चंदा येऊन उभी राहिली, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून.

"नको, आत्याबाई," सपना म्हणाली. "जाऊ नका उद्या. अजून काई दिवस शेगडी तुमीच पाहा."

"आता काय झालं? पोरगी तं म्हणते, वास येते."

पदराला बसलेला ताण वाढला. सपनानं मागं वळून पाहिलं नाही.

"मलेच करू नाई वाटत."

तुळजाबाईंनी लायटर फळीवर आपटला.

"बसून खायची सवय लागली का अशीच लागते. पाहू दे मंग बहिणीले वाट. ते मरून जाईल तवा जातो."

सपना परत येऊन बसली. तेवढ्या चालण्यानं छाती वरखाली होत होती. बाहेर गल्लीतल्या बाया बतुकम्माच्या सणासाठी पिवळ्या फुलांच्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यातली एक खिडकीशी थांबून काहीतरी हसून बोलली. सपनानं नुसता हात हलवला. धाप ओसरेपर्यंत ती डोळे मिटून राहिली. चंदा दूर उभी होती, भिंतीकडं नजर लावून. आई आता तिकडं वळणार.

सपना वळली नाही. तिनं कपाळावरचा रुमाल सोडून पुढं धरला.

"बांध."

"आत्ताच तं झालं."

"बांध तू."

चंदानं गाठ सैलच बांधली. चारही डब्या तिच्यासमोर पडल्या होत्या. तिनं बराच वेळ लावला, आणि कापराची तीच डबी उचलून आईच्या नाकाशी धरली.

"ओळख."

सपनानं श्वास आत घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"काईच नाई," ती म्हणाली.

चंदाचा हात हलला नाही. मग अगदी जवळून, आजीला ऐकू जाणार नाही असा आवाज आला,

"बरोबर."