हलकं पेट्रोल

व्हॅनमध्ये कोणी बोलत नव्हते. कचारगडच्या यात्रेला निघालेली माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि सगळ्यांचे कान सीटखालच्या इंजिनाकडे लागले होते. समोर दरेकशाचा घाट उभा होता. अल्काने गिअर बदलला. इंजिनाने एक खोल श्वास घेतला. व्हॅनमधल्यांनी आपापला रोखून धरला.

आरशात मागून येणारी मोटारसायकल दिसत होती. तिच्यावर मुन्नालाल होता, अल्काचा भासरा, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याने आणि भावसुनेने एका गाडीत बसू नये, एकमेकांशी सरळ बोलू नये, ही घराची रीत. म्हणून तो मागून येत होता, आणि त्याची बायको शामकला पुढच्या सीटवर अल्काच्या शेजारी बसली होती. तिच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेला एक डबा होता.

नवरा उमेंद्र गेल्यावर त्याची व्हॅन अल्काने हाती घेतली. डोंगरगडला भाविक न्यायचे, परतताना छत्तीसगडातल्या पंपावर टाकी भरायची. सीमेपलीकडे पेट्रोल स्वस्त होते, आणि तेवढ्या स्वस्ताईवरच तिची चूल आणि व्हॅनची चाके दोन्ही फिरत होती. मुन्नालालला ती टाकी खुपे. पारावर बसून तो सांगत राही की ते हलकं पेट्रोल आहे, ते वाळवीसारखे इंजिन आतून पोखरते, एक दिवस ही बाई माणसांना घाटात टाकून देईल. ऐकून ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्यांच्या जीपकडे वळू लागले होते.

आज सकाळी तर त्याने चारचौघांत अट घातली. बोलला बायकोकडे पाहून, पण प्रत्येक अक्षर अल्कासाठी होते.

"सांग तिले. आज घाटात गाडीनं दम तोडला, तं चाबी माह्या हाती द्याची. मंग गाडी इकून टाकू."

अल्काने पदराआडून मान हलवली होती. तेवढेच तिचे उत्तर.

पहिले वळण आले. कडेला एक जीप बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. कुणीतरी बाटलीने तिला पाणी पाजत होते. इतके दिवस ऐकलेला संशय अल्काच्याही रक्तात उतरला होता. प्रत्येक चढावर, इंजिन खोकण्याआधीच तिला त्याचा खोकला ऐकू येई. एखादी गोष्ट रोज बोलली गेली की ती खरी होण्यासाठी घडण्याची वाट पाहत नाही.

दुसऱ्या वळणावर सागाची सावली गाडीवरून सरकली. चढ खडा झाला. इंजिनाचा सूर खाली आला, खर्जात गेला, तिथेच क्षणभर थरथरला. मागे कुणीतरी आपले गाठोडे छातीशी धरले. अल्काने पाय हलवला नाही. सूर पुन्हा वर चढू लागला, एकेक पायरी, अगदी निवांत. मग काचेतून झाडे नाहीशी झाली आणि नुसते माघाचे आकाश उरले.

घाट संपला होता.

मागच्या सीटवरून एक म्हातारा हात जोडून हळूच "जय सेवा" म्हणाला, आणि सगळी व्हॅन एकदम बोलू लागली. अल्काने गाडी कडेला घेतली. मोटारसायकलही येऊन थांबली. उतरता उतरता मुन्नालालने आपल्या गाडीच्या टाकीवर थाप मारली आणि बायकोला सुनावले.

"येक डाव चढली, नशीब होय. इंजिन अंदरून सडूनच राहिलं हाय. माही गाडी पाय. आपल्या आमगावचं भारी पेट्रोल पिते. आजवर खोकली नाही."

शामकला उतरली. तिने पायाशी असलेले पोते उचलले, सोडले, आणि आतला निळा डबा मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. मुन्नालाल डब्याकडे पाहत राहिला. बायकोने भरून ठेवलेल्या याच डब्यातून रोज सकाळी तो आपली टाकी भरत असे.

"अल्का, धानाच्या बांधीतल्या पाण्याच्या पंपासाठी म्हणून तुह्याकडून डबा भरून मांगत होती ना मी," शामकला म्हणाली. "तो पंप दोन पोळे झाले, बंद हाय."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"डबा भराले आमगावले कोण जाते जी? हेच पिऊन राहिली तुमची गाडी. आन् हलकं हलकं काऊन करता? लवकर पिकते तो हलका धानच दिवाळीच्या पहिले घरी येते. तवा तं भात नाही पारखत तुमी."

व्हॅनमधली माणसे हसू दाबू लागली. अल्का डब्याकडे पाहत होती. दोन वर्षे हा तिच्याच व्हॅनमधून येत-जात होता. तिची साक्ष तिनेच भरभरून घरी पोचवली होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. खाली उतरली. डबा उचलला. आणि सून म्हणून या घरात आल्यापासून पहिल्यांदा भासऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलली.

"भाऊजी, माणसं उतरवून मी सीमेपलीकडच्या पंपावरच जाऊन राहिली. भरून आणू का?"

मुन्नालाल वळला आणि घाट उतरू लागला. पायीच. चाबी मोटारसायकललाच लटकत होती.