लोकांनी निवडलेले तापमापक

यंदाच्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या नऊशे तापमापकांपैकी एकानेही चाळीस अंश ओलांडले नव्हते. उष्माघाताचे रुग्ण मात्र तीन वर्षांत तिप्पट झाले होते.

त्यांतल्याच एकाच्या खाटेशी तापमान-निरीक्षक सुलभा गेडाम उभी होती. बेचाळीस अंशांना रस्त्याचे काम थांबवायचा नियम होता. तिथला मुकादम, तिचा धाकटा भाऊ देवाजी, कामावरच कोसळला होता.

"तापमापकाच्या बोर्डावर एकोणचाळीसच होतं ना वं ताई. मीच माणसांले म्हटलं, नाटकं करू नका."

तिने त्या रस्त्यावर जुना पाऱ्याचा तापमापक धरला. सेहेचाळीस! मग शंभर यंत्रे तपासली. सगळी मोहोरबंद, छेडछाड कुठेच नाही. ती पुन्हा खाटेशी आली.

"देवाजी, दर महिन्याला मत कोणत्या यंत्राला देतोस?"

"कमी दाखवते त्याले. बाकीचे उगाच घाबरवतेत."

सुलभा थक्क झाली. निसर्गाला ज्या निवडीसाठी युगे लागतात, ती इथे छत्तीस महिन्यांत घडली होती. 'जनतेचे तापमान' कायद्यानुसार नावडते यंत्र मतदानाने हटत असे, आणि नवे यंत्र सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यंत्राबरहुकूम जुळवले जाई. कोणीही खोटे बोलले नव्हते. दर मतदानात किंचित कमी दाखवणारी यंत्रेच तेवढी टिकली होती.