निळी ताटली

“ही काय निळी ताटली काढून आणलीत?” साहेबांनी तक्त्यातल्या वर्तुळावर पेन आपटलं. निळा रंग कशाचा, हे विचारलंसुद्धा नाही. प्रशिक्षणप्रमुख बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. कोणत्या व्यवस्थापकाला काय शिकायचंय, ते वयानुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार निरनिराळ्या रंगांत दाखवायचं होतं. महिनाभर बाई एकेकाला गाठत फिरल्या होत्या. कालपरवा बढती मिळालेला पोरगा, निवृत्तीला टेकलेले काका, गोदाम एकहाती चालवणारी ताई, सगळ्यांनी दार लोटून, आवाज खाली आणून एकच मागितलं, “साहेबांना ‘नाही’ कसं म्हणायचं, तेवढं शिकवा.” मग दुसरा रंग आणायचा कुठून? “अहो, तरुणांना शिस्त, बायकांना आत्मविश्वास, म्हाताऱ्यांना संगणक! त्यात विचारायचं काय?” साहेब हसले. “उद्या रविवारच आहे, घरी बसून रंग भरा. जमेल ना?” बाईंनी निळी ताटली गुंडाळली. “हो, साहेब.”